मुतखड्याची थाप आणि पानफुटीची पानं

मंडळी, आज दुपारी जळगावच्या एका दवाखान्यात भाचीजवळ बसलो होतो. वय एकोणतीस, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. लवकर सापडला, म्हणून डॉक्टरांनी रोगट भाग तेवढा काढला आणि गर्भाशय राखलं.

नातेवाइकांना मात्र आमच्या ताईने, म्हणजे तिच्या आईने, मुतखडा सांगितलेला. गर्भाशय हा शब्द मी संस्कृतच्या वर्गात न लाजता शिकलो; आमच्या घरात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं पोटच असतं. परिणामी घरी मुतखड्यावर उपाय म्हणून आलेल्या कुळथाचे डोंगर.

आज भडगावहून भाचीच्या चुलतसासू, अक्का, आल्या. अक्कांनी ओल्या फडक्यातून पानफुटी आणली होती. "हाई खाय बेटा, खडा पडी जाई." मग सहज म्हणाल्या, "मनी सून वैशालीलेबी हाईच पानं देस. तुले जसं मधमाच रगत जाये, तसंच तिले जास. तिलेबी खडाच व्हई."

पाळी नसताना मधेच रक्त! ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

भाची उठून बसली. "अक्का, मला खडा नव्हताच. कॅन्सर होता, पिशवीच्या तोंडाचा. वैशालीला उद्याच तपासायला आणा."

अक्कांनी पानं परत फडक्यात गुंडाळली. मग हळूच म्हणाल्या, "तपासतांना दुखस का वं?"

"थोडंसं."

अक्कांनी तिथूनच सुनेला फोन लावला.

वैशालीला काही नसेलही. पण आमच्या लाजेपायी ती पानफुटी चघळत बसली होती, हे खरं. तुमच्या घरात अशा आजाराला काय म्हणून सांगतात?