आमच्या हातची पॅराशूटं

आम्ही अंबडच्या एका युनिटमध्ये पॅराशूट शिवतो. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुपारी डबे उघडले की चटणीसारखे तेही एकमेकींना वाढले जातात, आणि मूळचा कोणाचा कोणता, हेही मग आठवत नाही.

सुरगाण्याची पारू नवीन आली, तेव्हा तिने नायलॉनचं कापड डोळ्यांसमोर धरलं. पलीकडची खिडकी दिसत होती. एवढंसं कापड माणसाला कसं धरेल, असं तिने विचारलं. आमचे सुपरवायझर, कुलकर्णी सर, स्टुलावर चढले. त्यांनी त्याच नायलॉनचा, उडी मारणाऱ्या जवानाच्या छातीवर बांधायचा पट्टा छताच्या लोखंडी अँगलला अडकवला आणि स्वतःच लोंबकळले. सर अंगाने चांगले भरभक्कम. पट्टा जागचा हलला नाही, चष्मा मात्र खाली पडला.

पारू म्हणाली, "आता शिवते."

सुई तुटली की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम बंद. कापडात टोक राहिलं तर वर आकाशात ते कापड फाडणार. एकदा आमच्यातल्या लताताईंची सुई तुटली. सरांसकट आम्ही सगळे फरशीवर रांगत होतो, आणि टोक निघालं ताईंच्याच गजऱ्यात! सरांनी गजरा बंद केला. दुसऱ्या दिवशी ताईंचा बिनगजऱ्याचा अंबाडा काही बघवेना. सुट्टी झाल्यावर पारूने गेटबाहेर गजरा घेतला आणि रस्त्यातच त्यांना माळला.

पारूच्या मुलीला आई शिवायची त्या केशरी पॅराशूटच्या कापडाचा फ्रॉक हवा होता. पण आमच्याकडचं चिंधीएवढं कापडही बाहेर नेता येत नाही. सरांच्या बायकोला कळलं, तेव्हा तिने बाजारातून तसंच केशरी कापड आणून फ्रॉक शिवून दिला. पोरीने तो घालून ओट्यावरून उडी मारली आणि रडत आईकडे आली.

"हा उघडतच नाही."

मग एकदा आम्हाला देवळालीकडच्या माळावर उडी बघायला नेलं. इतकी वर्षं शिवून आमच्यापैकी कोणीच पॅराशूट उघडताना पाहिलं नव्हतं. विमानातून एक ठिपका सुटला. लताताईंनी माझं मनगट धरलं आणि डोळे गच्च मिटले.

"उघडलं का गं?"

"नाही अजून."

त्यांची नखं रुतली.

"उघडलं, ताई."

तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. जवानाचे पाय जमिनीला लागले, असं मी सांगितलं तेव्हाच उघडले. तो जवान दोऱ्या गोळा करत होता. ताई साडी सावरत त्याच्यापर्यंत गेल्या. कापडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसली आणि विचारलं, "जेवलास का?"