अर्धी ओवी

‘नको रडू माझ्या लेकी, बसूनिया अंधारात,
तुझं नाव कोरलंया माझ्या उजव्या तळहातात.’

काही वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज. माझ्या सासूबाईंचा, आत्याबाईंचा. पेंटेकॉस्टचा, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा रविवार, उपासना आणि जेवण दोन्ही उरकून मी आतल्या खोलीत गार फरशीवर पडले आहे. पत्रा उन्हाने तडतडतो आहे. बाहेरच्या खोलीत यजमानांची खुर्ची कुरकुरते, थांबते, पुन्हा कुरकुरते. डोळे जड होतात आणि त्या कुरकुरीतून हळूहळू जात्याची घरघर होते.

ही घरघर खरी असू शकत नाही. आमच्या जात्याचा वरचा दगड कधीचा पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला आहे. आणि ओढणारी, आत्याबाई, तिला जाऊन हा चौथा उन्हाळा.

तरी ती समोर बसली आहे. एक पाय पसरून, पदर कमरेला खोचून.

‘काय गं मार्थे, भर दुपारची निजलीस व्हय? तुझी भाकरी अजून जाडच का?’

‘जाडच,’ मी म्हणते.

‘मंग माझा शांतवन दुसरी मागत नसंल.’

‘मागत नाहीत. पहिलीच अर्धी ठेवतात.’

ती हसत नाही. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडते आणि दुसऱ्या बाजूने खुंटा धरायला मला मानेने खुणावते. मी धरते. आमचे दोघींचे हात एकावर एक फिरू लागतात. तिचा हात उबदार आहे. याचं मला आश्चर्य वाटायला हवं, पण वाटत नाही.

मान वर करते तर भिंती आमच्या नाहीत. हे प्रार्थनाघर आहे. जिथे उपासना चालवणाऱ्या पाळकांचं मेज असतं, तिथे आम्ही दळत बसलो आहोत. समोर चटया अंथरलेल्या, दाराशी चपलांचा ढीग. माणूस एकही नाही.

आमच्या या प्रार्थनाघरात प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून घालून दिलेला नियम चाले. आत्म्याने भरून कुणी अन्य भाषेत बोलू लागलं, तर अर्थ सांगणारा हवा. नसेल तर बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावं, स्वतःशी आणि देवाशी काय ते बोलावं. आमच्याकडे अर्थ सांगणारी होती. अक्षर न आलेली आत्याबाई. कुणी थरथरत उभं राही, तोंडातून कुणाला न कळणारे शब्द वाहू लागत, आणि ते ओसरले की सगळ्यांचे डोळे हिच्याकडे वळत. ही उठे, आणि अर्थ ओवीत सांगे. साध्या बोलण्यात तिला तो सांगताच येत नसे. बाया ती ओवी घोळवत घरी जात, आणि आठवडा कसाबसा निभे.

‘त्या दिवशी तुम्ही उठला होता,’ मी म्हणते. ‘तोंडही उघडलं होतं.’

जातं फिरतं आहे.

तो दिवसही असाच पेंटेकॉस्टचा. माझी सुवार्ता, आमची सुवी, तिच्या बापाच्या मांडीवर होती. रक्ताच्या आजाराने इतकी हलकी झालेली, की ह्यांचा हात तिच्याखाली आहे की नुसता शालीखाली, ते दिसत नव्हतं. सगळी मंडळी तिच्यासाठी गुडघ्यावर. आणि हे, ज्यांनी गीतातसुद्धा कधी आवाज चढवला नाही, ते लेकराला खांद्याशी धरून उभे राहिले आणि अन्य भाषेत बोलू लागले. मी ऐकत होते. एकही शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला. वाटलं, देव बोलतोय. देव माझ्या पोरीबद्दल काहीतरी सांगतोय. सगळे आत्याबाईंकडे वळले. ती उठली, तोंड उघडलं, मग पदर तोंडात कोंबून खाली बसली. ‘अर्थ न्हाई आला,’ एवढंच म्हणाली.

त्याच संध्याकाळी सुवीला दवाखान्यात नेलं. आठवडा संपायच्या आत ती गेली.

‘निरोप तुमच्यापर्यंत आला होता,’ मी म्हणते. ‘तुम्ही तो पोचवला नाही. ती जगेल असं त्यात असेल, आणि कुणी ऐकलंच नाही म्हणून...’

‘चल,’ आत्याबाई म्हणते.

आम्ही उठत नाही, पण एसटी स्टँडवर आहोत. बाकावर. जातं आमच्या मध्ये. कर्ण्यातून कुणीतरी गाड्या पुकारतं आहे, आणि ती बोली मी जन्मात ऐकलेली नाही. पण ज्याचं त्याला कळतं. एक म्हातारा पिशवी उचलून निघतो. एक बाई पोराला कडेवर घेते. धनगर, व्यापारी, शाळकरी मुली, जो तो कान टवकारतो, चेहरा उजळतो, उठून आपापल्या गाडीत बसतो. स्टँड रिकामा होतो. कर्णा अजून बोलतो आहे, आणि आता मी एकटीच उरले आहे, म्हणजे तो माझ्याशीच बोलत असणार. मी जिवाचा कान करते. काही कळत नाही.

‘येरुशलेमात त्या दिवशी असंच झालं,’ आत्याबाई म्हणते. ‘देव माणसांशी बोलला, आन् ज्याला त्याला आपापल्या बोलीत ऐकू आलं. तिथं अर्थ सांगणारी म्हातारी लागली न्हाई कुणाला.’

‘मग आपल्याकडे का लागायची?’

‘आपल्याकडचं येगळं व्हतं, पोरी. पौल काय म्हणतो? अन्य भाषेत बोलणारा माणसांशी न्हाई, देवाशी बोलतो. दर खेपेला पाळक वाचायचे, दर खेपेला आपण आमेन म्हणायचो. आन् धरलं उलटं. वरून पाणी पडतंय म्हणून आपण घागरी लावून बसलो. ती तर खालून वर चाललेली वाफ व्हती.’

मी खुंटा सोडते. ती सोडत नाही.

‘सखूबाई बोलायची ना, हात वर करकरून? नवऱ्यानं मारलेलं सांगायची देवाला. दगडू मास्तर बोलायचा, त्याला मरायची भीती वाटायची. मला ते ऐकू यायचं.’

‘आणि तुम्ही अर्थ म्हणून सांगायचात, नको रडू माझ्या लेकी.’

‘रडणाऱ्याला काय सांगत्यात गं? तू सांग.’

मला कुणी तेवढंही सांगितलं नव्हतं.

स्टँडच्या जागी दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. फिनेलचा वास. दोन्हीकडे खाटा, सगळ्या नीट अंथरलेल्या, सगळ्या रिकाम्या. मी एकेक चादर उचलून पाहते. आत्याबाई मागून येते आहे, जात्याची घरघर तिच्याबरोबर.

‘आत्या, सुवी कुठंय? तुमच्याजवळ असेल ना?’

मी उचललेली चादर ती पुन्हा नीट करते.

‘मला दिसली न्हाई अजून. लई मोठी जागा हाय, मार्थे. मी हाका मारत फिरते.’

‘ती ओ देत नाही?’

‘तिकडं कुणी बोलतच न्हाई. भाषा सरतील असं पौलानं लिवलंय. सरल्या.’

मी त्या व्हरांड्यात खाली बसते. इतकी वर्षं मी एकाच गोष्टीवर तग धरला होता, की तिकडे सुवी आत्याबाईच्या मांडीवर असेल.

‘मग एक तरी सांगा,’ मी म्हणते. ‘हे त्या दिवशी काय म्हणाले?’

‘ते देवाला सांगितलेलं. माझ्या कानावर पडलं, यवढाच माझा गुन्हा.’

‘मी तिची आई आहे.’

‘म्हणून तर पदर कोंबला तोंडात.’

‘आत्या, आता तुम्ही गेलात. आता कुणाला लपवता?’

ती माझं मनगट धरते. घट्ट, जिवंत माणसाने धरावं तसं. तिच्या तळव्याला पीठ आहे. मग तोंड माझ्या कानाशी आणून, दळताना गात असे तशा खालच्या सुरात ती म्हणते,

‘बाप उभा देवादारी, खांद्यावर त्याची लेक...’

आणि थांबते. मी वाट पाहते. ओवीची पहिली ओळ एकीने म्हणायची, दुसरी समोरचीने पुरी करायची, हे तिनेच मला शिकवलं होतं.

‘पुढची?’

‘पुढची माझी न्हाई. ज्याची हाय त्याला इच्यार.’

घरघर बारीक होते. पुन्हा खुर्चीची कुरकुर होते. पत्रा तडतडतो. फरशी आता गार नाही, माझ्या अंगाने तापलेली आहे.

दारात हे उभे आहेत, हातात चहाचे दोन कप. आज सकाळी उपासनेतही हे दाराबाहेरच होते. सुवी गेल्यापासून हे चपलांपाशी बसतात, आत येत नाहीत. का, ते मी विचारलं नाही. सुवीचं नाव या घरात आम्ही दोघांनी एकमेकांसमोर घेतलेलंच नाही.

‘चार वाजले,’ हे म्हणतात. मग म्हणतात, ‘हाताला काय लागलंय?’

मी मनगट उजेडात धरते. पीठ आहे. गिरणीचं मऊ पीठ नाही. भरडं, कण्या राहिलेलं, जात्यावरचं. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

मी ते पुसत नाही. उठून बसते आणि म्हणते, ‘बाप उभा देवादारी, खांद्यावर त्याची लेक.’

हे दोन्ही कप जमिनीवर ठेवतात आणि भिंतीला टेकून खाली बसतात.

‘हे तुला कुणी सांगितलं? तू तर दवाखान्यात होतीस. मी कपडे न्यायला घरी आलो त्या रात्री, तेव्हा आई अंधारात जात्यावर एवढंच म्हणत बसली होती. एवढंच. पुढे जाईना. मी दारातून ऐकलं आणि मला कळलं, की हिला कळलं.’

‘काय कळलं?’

हे माझ्या मनगटाकडे बघत राहतात.

‘तोंडातून काय निघत होतं ते मला ठाऊक नव्हतं, मार्था. पोटात काय होतं ते ठाऊक होतं. तुम्ही सगळे बरी कर, बरी कर म्हणत होता. मला तिचं ते कण्हणं सोसवेना. मी म्हणालो, देवा, ने तिला. आजच ने.’

चहावर साय धरू लागते.

‘जन्मभर त्याच्याकडे मागत आलो,’ हे म्हणतात. ‘तेवढं एक त्याने लगेच ऐकलं.’