पहिले मना डोळामा

"पहिले मना डोळामा," असं म्हणत अक्का साबणाचं बोट स्वतःच्या उजव्या डोळ्याला लावायची आणि तुमच्याकडे रोखून बघत राहायची. डोळा लाल झाला की साबण कोनाड्यात परत. न झोंबणारा साबण तिने कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे आमच्या गल्लीतली सगळी बाळं डाळीच्या पिठावर वाढली.

जळगावात आमच्या भागात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम तिचं. मूळची एरंडोलकडची. नजर अशी, की तिला पोलीस चौकीत बसवलं असतं तर निम्म्या चोरांनी आपणहून कबुली दिली असती. दूधवाल्यावर संशय, डॉक्टरवर संशय, आणि "बाळ किती गोरं गं" म्हणणाऱ्या बायांवर सगळ्यात जास्त. मीही काही साधी नव्हे. ती गेली की अंगाला लावायला दिलेली साय वाटीत किती उरली, ते मी बघून घ्यायची. आमचं छान जमायचं.

पंच्याऐंशीच्या सुमारास मला मुलगी झाली आणि महिन्याभरात तिचं अंग सोलून निघायला लागलं. मानेच्या वळीत, गुडघ्यामागे लाल चट्टे. रडून रडून तिचा आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, साबण बंद आणि पीठही बंद. साबण कातडीतलं तेल ओढतो, पीठ घासतं. माझा भाऊ मुंबईला साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होता. त्याने एक तपकिरी बाटली पाठवली. खोबरेल आणि अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांची प्रथिनं बनतात ती, यांच्यापासून केलेलं अंग धुण्याचं सौम्य द्रावण. डॉक्टरांनीही वापरा म्हटलं. बाजारात अजून यायचं होतं, म्हणून बाटलीवर काही छापलेलं नव्हतं.

अक्काला संशयाला एवढं पुरलं.

"हाई काय शे? तुना भाऊले इचार, त्यानी सोताना पोरले लायं का?"

"त्याचं लग्न व्हायचंय, अक्का."

"मंग!"

तिने बोट बुडवून डोळ्याला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. "झोंबत नही," ती म्हणाली आणि चेहरा आणखीच काळजीचा झाला. डोळाच कामातून गेला की काय, म्हणून तिने कोनाड्यातला लाल साबण त्याच डोळ्याला लावला. डोळा घळाघळा वाहायला लागला. "डोळा बरा शे. बाटलीच खोटी."

मी हट्ट धरला, तेव्हा कुठे ती बाटली वापरायला लागली. चट्टे मात्र वाढतच चालले. मी भावाला फोनवर नाही नाही ते बोलले. डॉक्टर माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. एका सकाळी मी न्हाणीचं दार ढकललं, तर पोरीला बाटलीने धुऊन झाल्यावर अक्का कनवटीच्या पुडीतलं पीठ काढून तिला परत चोळत होती.

"फेस नही, मळ कसा निघी? मी खात्री करी लेस."

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," मी म्हटलं. तिने पोरीला पुसून माझ्या हातात दिलं आणि गेली.

दुसऱ्या सकाळी दारात हजर. पदर झटकून दाखवला, कनवटी उलटी केली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. "तू धू. मी देखस." मी धुवायची, ती बघायची, असं रोज. हळूहळू चट्टे फिके पडले. पोर शांत झोपायला लागली तेव्हा अक्काने तिच्या मानेवरून हाताची मागची बाजू फिरवली.

"बाटलीवर मना भरोसा नही," ती म्हणाली आणि न्हाऊ घालायला पोरीला पुन्हा आपल्या पायांवर घेतलं.

अक्का आता नाही. ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साबणाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझा विश्वास बसलेला नाही. डोळ्यात पाणी जाईल म्हणून कितीतरी दिवस तिचं डोकं धुतलं नव्हतं. माझी लेक तेव्हा शाळेत शिकत होती. ती आपणहून तशीच एक बाटली घेऊन गेली, अक्काच्या न्हाणीत पाय पसरून बसली आणि म्हणाली, "अक्का, डोकं ठेव."

अक्काने बाटली चाचपली. "पहिले तुना डोळामा."

पोर हसली नाही. बोट बुडवून डोळ्याला लावलं आणि डोळा उघडा ठेवून तिच्यासमोर धरला. अक्का पट्टी नसलेल्या डोळ्याने तो बराच वेळ बघत राहिली. मग तिने पोरीच्या पायांवर डोकं टेकलं आणि डोळा मिटून घेतला.