कुणाचा रं तू?

हौसाआक्कांना दुसऱ्याच्या भांडणात पडायला आमंत्रण लागत नसे. लोणी भापकरात त्या आमच्या शेजारी राहायच्या. कुठे आवाज चढला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून आक्का निघाल्याच. सूनबाई मागून ओरडायच्या, "आत्या, तुमचं काय हाय तितं?" "गेल्याबिगर कसं कळंल?" म्हणत आक्का पसार. मग भाकरी करपायची आणि भांडण मिटायचं.

त्यांचं हत्यार एकच. समोर दारुडा असो की दांडगा, कमरेवर हात ठेवून त्या विचारायच्या, "कुणाचा रं तू?" आमच्या भागात या प्रश्नाला उत्तर न देणं कुणाला जमत नाही. भलाभला गडी बापाचं नाव सांगून बसायचा, आणि बापाचं नाव निघालं की निम्मी मस्ती तिथंच उतरायची.

एकदा आक्कांना घेऊन मी नरसिंहपूरला देवाला निघालो होतो. इंदापूरच्या स्टँडवर भरदुपारी एका पोरानं कॉलेजच्या मुलीचा हात पिरगाळला आणि तिला मोटरसायकलकडे ओढायला लागला. मुलगी ओरडत होती. फलाटावरच्या सगळ्यांनी मोबाईल काढले, ते शूटिंग करायला. मी पोलिसांचा नंबर लावेपर्यंत आक्का त्याच्या पुढ्यात.

"कुणाचा रं तू?"

"डाळजच्या बापूरावांचा," पोरगं सवयीनं बोलून गेलं.

आक्कांचा चेहरा पडला. सुनेचं माहेर डाळजचं. "आरं, म्हंजी आमच्या सुनंचा चुलतभाऊ न्हवं तू?"

नात्यातली म्हातारी म्हटल्यावर पोरगं गडबडलं आणि वाकून पाया पडलं. पाया पडायला दोन्ही हात लागतात. मुलगी सुटली. आक्कांनी आशीर्वादाऐवजी त्याचा कान धरला, तो पोलीस येईपर्यंत सोडला नाही. मी फोनवर हे सगळं सांगत होतो आणि पलीकडच्या हवालदाराला काही केल्या पटेना.

गावाला आठवडाभर हसायला विषय झाला. आक्कांच्या घरात मात्र सूनबाईंनी अबोला धरला. डाळजची मंडळी जीप करून आली. "आक्का, घरातलंच पोरगं हाय. कोर्टात फकस्त म्हना, नीट दिसलं न्हाय."

"कान माज्या हातात हुता की," आक्का म्हणाल्या. "डोळ्याला नसंल दिसला, हाताला तर दिसला."

बोलल्या हसत, पण त्या घरात पुढे भाकऱ्यासुद्धा मुकाट्यानं भाजल्या जात. मला काळजी वाटायची. उतारवयात, जिच्या हातचं खायचं तिच्याशी कोण वैर घेतं?

साक्षीला मीच त्यांना गाडीतून नेलं. आरोपीचे वकील उठले.

"आरोपी तुमचा कोण?"

"सुनंचा चुलतभाऊ."

"मुलगी नात्यातली?"

"न्हाय."

"ओळखीची?"

"न्हाय बा."

"मग मधे पडायचं कारण काय? कायद्यानं तुमच्यावर तसं बंधन होतं का?"

"कायदा मी कुठला वाचायला, साहेब," आक्का म्हणाल्या. "मी बी आदी बसूनच हुते. वाटलं, येवढी तरणीताठी मानसं हायेत, कोनतरी उठंल. कुनी उठंना, मग उठले. तुमी त्यांनला बोलवून इचारा की, का न्हाय उठला. मला एकटीलाच का हुबं केलंय?"

मागे सूनबाई माहेरच्या माणसांत बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आमच्या बाकावर येऊन बसल्या.