भासऱ्यांच्या सोबतीनं अकिहाबारा

आमच्या घरात सून भासऱ्यांशी बोलत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, खाली मान, आणि काही सांगायचंच झालं तर मधे तिसरं माणूस हवं. ते नसलं तर भिंतीला सांगायचं. गोठ्यातल्या गाईलासुद्धा मी सांगितलेलं आहे की बाई, चहा झाला म्हणावं. मोर्शीकडचं सासर माझं; पाटीलकी गेली, ऐट काही गेली नाही.

लेक टोकियोत नोकरीला लागली आणि "आई, ये" म्हणाली, तेव्हा यांची संत्र्याची तोडणी ऐन भरात होती. बाई एकटी परदेशात कशी जाणार? मग सोबतीला कोण, तर भासरे. म्हणजे बघा, ज्या माणसाशी मी बोलत नाही त्याच्या सोबतीनं मी समुद्र ओलांडला. विमानात आमच्या मधे नागपूरचे एक गृहस्थ होते. ते बिचारे अर्धा प्रवास आमचे निरोप पोचवत बसले.

काय काय बघायचं, असं लेकीनं विचारलं. भासऱ्यांनी देवळं सांगितली. मी म्हटलं, अकिहाबारा. व्हिडिओ गेमचा, कार्टूनच्या बाहुल्यांचा बाजार. लेक हसली, भासरे हसले नाहीत. "तुह्या मायले सांग, हे पोट्ट्यायचे धंदे हायत," ते तिला म्हणाले. मी तिथंच हातभर अंतरावर उभी होते.

असतील पोट्ट्यांचे, पोराटोरांचे. माझं तिथं काम होतं. लहानपणी माहेरी, अकोल्याला, आमच्या गल्लीत सायकलच्या दुकानामागं एका खोलीत गेमची मशीन होती. भाऊ रोज खेळायचा. मी त्याला जेवायला बोलवायला जायची आणि दारात उभी राहून बघायची. एकदा आत पाय टाकला, तर दुकानदार म्हणाला, "पोरीयनं इथं येऊ नाई." काहून? त्यानं सांगितलं नाही, भावानं सांगितलं नाही, घरीही कोणी सांगितलं नाही. विमानांच्या त्या खेळात शत्रू कुठून येतो हे मला दारातून बघून पाठ झालं होतं, पण मशीनवरच्या विमान फिरवायच्या दांड्याला हात कधी लागला नाही. तो मला लावायचा होता. देवळांची मला काही घाई नव्हती.

अकिहाबारात उतरलो तर प्रत्येक दुकानाचं आपलं वेगळं गाणं, सगळी एकदम चालू. रेल्वेच्या पुलाखालच्या बोळात बटणं, वायरी, बारके दिवे डब्याडब्यांतून मांडलेले, आपला किराणावाला डाळी मांडतो तसे. फ्रॉकवर एप्रन घातलेल्या पोरी रस्त्यात कागद वाटत होत्या. भासऱ्यांनी नमस्कार करून एक घेतला. चहाच्या दुकानाची जाहिरात आहे, या पोरीच तिथं वाढतात, असं लेकीनं सांगितल्यावर त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. फेकला मात्र नाही.

काचेच्या कपाटांसमोर टाय लावलेले, केस पिकलेले बाप्ये शांतपणे बाहुल्या निरखत उभे होते. वय काय, चाललंय काय, असं त्यांना कोणी विचारत नव्हतं. मला असा राग आला! त्यांचा नाही, आमच्या तिकडच्यांचा.

जुन्या मशीन अगदी वरच्या मजल्यावर होत्या. अरुंद जिना, माझे गुडघे आणि मागून भासऱ्यांचं "तुह्या मायले विचार, अजून किती?" माझा खेळ कोपऱ्यात होता. तोच. लेकीनं नाणं टाकलं, तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती बोलायला जिन्यात गेली.

मी दांडा धरला. विमानं डावीकडून येणार हे मला ठाऊक होतं, आणि ती आली. एक पाडलं. दुसरं पाडलं. मला इतका आनंद झाला होता की पदर डोक्यावरून कधी पडला ते कळलंच नाही.

भासरे मागं येऊन उभे राहिले. तिसरं माणूस कुठं दिसेना. शेजारी निळ्या केसांची माणसाएवढी प्लास्टिकची पोरगी उभी केलेली होती. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "सांगा बाई हिले, पुरे झालं आता. चाल म्हना."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हाक मारलेली नव्हती. काय म्हणून मारायची तेही माहीत नव्हतं, म्हणून तेव्हाही मारली नाही. पडद्यावरची नजर न काढता थेट त्यांनाच म्हटलं, "मी येत नाही. बसा तिथं. माझं झालं की जाऊ."

मग बाजूच्या मशीनचं स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"तुमी माह्याशी बोलल्या, हे घरी कोणाले सांगू नका," ते म्हणाले. या वेळी मला म्हणाले.

"सांगीन," मी म्हटलं आणि पुढचं विमान पाडलं.