खाटेखालची जागा

आमचं गालिच्याचं काम दोघींचं होतं, हे आधीच सांगते, नाईतर पुढचं काहीच समजणार नाई!

वाशीमले आमच्या घरी बाबा मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणत. मले अन् माह्या ताईले दवाखान्यातल्या मडमेनं गालिचा शिकवला. सुंभ काढलेल्या खाटेवर गोणपाट ताणून बांधायचं, वरून आकडा टोचायचा अन् खालच्या लोकरीचा फासा वर ओढायचा. बस, फाशाले फासा, फाशाले फासा! मडम एकटीच करे, एक हात वर, एक हात खाली. आमी मात्र वाटून घेतलं. मी वर, आकडा माह्या हातात. ताई खाटेखाली, लोकर तिच्या हातात. आकडा खाली आला का ती त्याच्यात दोरा अडकवे. अन् गोणपाटातूनच गप्पा!

"ताई, पोपटाचा डोळा कसा करू?"

"तुह्यासारखा, चकणा!"

गालिच्यावरचा तो पोपट अर्धाच होता अन् ताईचं लगन झालं. ती जऊळक्याले गेली. माह्या हाताले हे समजेच ना! आकडा खाली घालो अन् थांबो, आकडा रिकामाच वर ये. मडमेसारखं करून पाह्यलं तं एक फासा उंच, एक बुटका.

"कोणाशी बोलून राह्यली वं?" माय चुलीपासून विचारे.

"कोणाशीच नाई."

मंग मी ठरवूनच टाकलं, ताई आली का दोघी मिळूनच पुरा करू. पोपटाले अंगभर हिरवी पिसं, अन् डोक्याच्या जागी उघडं गोणपाट. जऊळक्याच्या गाडीची शिट्टी ऐकली का मी दारात!

ताई आली ते दिवाळीले, अन् पोटुशी!

"मी आता कायची वाकते खाली? तूच जाय."

मी कधी खाली गेलीच नव्हती ना! अंधार, नाकात लोकरीचा केर, मान अवघडलेली. ना पोपट दिसे ना हिरवा रंग. नुसतं आकड्याचं टोक ये अन् जाये.

"ताई, आता काय झालं?"

"चोच."

"कशी दिसते?"

"तुह्या नाकासारखी!"

मी खाली एकटीच हसली. ताईबी इथं अशीच हसे, काही न दिसता.

डोळाच राह्यला होता. मी पांढरी लोकर धरून बसली. आकडा येईच ना. वर कोणीतरी बोलत होतं, माय "बसा, बसा" म्हणे. "ताई, टोच ना वं!" मी दोरा ताणून तशीच बसली. मंग खाटेच्या पायापाशी भाऊजीचे धुळीनं भरलेले पाय दिसले, अन् त्याच्या बाजूले जोडव्याचे ताईचे.

ते एक रोज आधीच न्यायले आले होते.

"डोळा तेवढा करून जाय ना, ताई!"

"गाडी जाईन वं. तूच कर."

शिट्टी झाली तवा मी खाटेपाशीच होती. दारात गेलीच नाई. आकडा उजव्या हातात घेतला, डावा हात खाली घातला. दोनदा आकडा रिकामा आला. मंग आला दोरा. एक फासा उंच, एक बुटका.

अन् डोळा खरंच चकणा झाला! मले इतकं हसू आलं, का ताईले सांगाले मी खाली वाकली.

खाली नुसता लोकरीचा गुंडा होता.