‘कुजलेल्या भरती’च्या अध्यक्षबाई

डेन्मार्कमधल्या आमच्या हान्स्टहोल्म बंदरात कबुतरं पाळायची म्हटली तरी मंडळ काढावं लागतं. अध्यक्ष, खजिनदार, वर्षातून एक सर्वसाधारण सभा, आणि सभेला कॉफी. कॉफी नसेल तर सभा झाली असं आमच्याकडे कुणी धरतच नाही. त्यामुळे एकोणनव्वद साली चार पोरं नगरपालिकेत जाऊन ‘वाजवायला जागा द्या’ म्हणाली, तेव्हा खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारलं, “मंडळ आहे का?”

मंडळ नव्हतं, बँड होता. नाव ‘पुट्रिड टाइड’, म्हणजे कुजलेली भरती. वाजवायचे ते डेथ मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात कर्कश प्रकार, आणि तोवर वाजवायचे ते बेस गिटारवाल्या पालेच्या घरच्या गॅरेजमध्ये. शेजाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. मग ‘हान्स्टहोल्म युवक संगीत मंडळ’ असं एक सोज्वळ नाव कागदावर घातलं गेलं. अडलं ते अध्यक्षापाशी, कारण अध्यक्ष वयाने मोठा हवा होता. पालेच्या वडिलांनी कानांवर हात ठेवले. गाणाऱ्या उलरिकची आई चर्चच्या समितीवर होती, तिला बँडचं नाव सांगायचीच सोय नव्हती. उरली गुडरुन, ड्रम वाजवणाऱ्या कार्स्टेनची सावत्र आई.

“काही करायचं नाही,” कार्स्टेन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. “नुसती सही करायची आणि किल्ली सांभाळायची.”

“आणि कॉफी?”

“कॉफी आम्ही करू की.”

कॉफी त्यांनी जन्मात कधी केली नाही.

गुडरुन कोळ्याची मुलगी. लहानपणी बापाच्या होडीवर तिला एक खोड होती. पकडलेल्या कॉड माशाचं पोट फाडलं की त्याने काय काय गिळलंय ते ही आधी बघायची. बाप ओरडायचा, हात चालव म्हणायचा, पण आत काय आहे ते कळल्याशिवाय हिचा हात चालायचा नाही. एकोणिसाव्या वर्षापासून ती बंदरावरच्या आमच्या कारखान्यात माशांचे काप काढत होती. छत्तिशी उलटली तेव्हा ही आता लग्नाची नाही असं गाव धरून चाललं होतं, आणि तेव्हाच तिने विलीशी लग्न केलं. विली ट्रॉलरवर होता, महिन्यातले तीन आठवडे समुद्रावर. पहिली बायको कोपनहेगनला निघून गेलेली, अकरा वर्षांचा मुलगा पदरात. म्हणजे लग्न विलीशी झालं, पण संसार करावा लागला तो कार्स्टेनशी.

पोरगा वाईट नव्हता, पण बोलायचा नाही. ‘बटाटे दे’ आणि ‘मोजे कुठेत’ यावर त्याचे दिवसच्या दिवस निघायचे. काट्याचमच्यांनी टेबल बडवायचा, ते तेवढं चालू असायचं. मित्रांशी बोलताना तिला ‘बापाची बायको’ म्हणायचा, आणि ते बरोबरच होतं, पण तिला लागायचं. तो ‘अध्यक्ष हो’ म्हणाला तेव्हा ती लगेच हो म्हणाली ती संगीतासाठी नव्हे. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

नगरपालिकेने गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांतला एक बंकर दिला. महायुद्धात जर्मन बांधून गेलेला, त्यात नगरपालिकेची गवत कापायची यंत्रं असायची. अट एकच होती, विजेची शेगडी चालू असेल तोवर मोठं माणूस हजर पाहिजे. म्हणून दर बुधवारी आणि रविवारी गुडरुन घडीच्या खुर्चीवर बसायची, कारखान्यातले आवाज अडवणारे कानटोप कानांवर आणि विणकाम मांडीवर. पहिले काही आठवडे तिला वाटलं, कुणीतरी ट्रकमधून खडी ओततंय आणि त्या खडीखाली एक माणूस सापडलाय.

पण तिची ती जुनी खोड. एक गोष्ट तिच्या डोक्यात घुसली ती निघेना. हे सगळे एकदम थांबतात कसे? एवढा गदारोळ चाललेला असतो, कुणी कुणाकडे बघत नाही, केस तोंडावर, आणि अचानक चौघेही गप्प. तेवढ्यात श्वास घ्यायला वेळ मिळतो न मिळतो तोच पुन्हा सगळे एकदम सुरू.

“खूण कोण करतं?” तिने एकदा विचारलं.

“कुणीच नाही,” उलरिक म्हणाला. हा बेकरीत शिकाऊ होता. रेड्यासारखा डुरकायचा आणि बोलायचा मात्र पाद्र्याच्या मुलासारखा. “आम्ही मोजतो.”

“काय मोजता?”

“सात, सात, सात, मग पाच.”

“पाच का?”

उलरिकने रॉनीकडे बघितलं. रॉनी गिटारवाला, चाली बहुतेक त्याच्याच. तो म्हणाला, “कारण सातला ऐकणारा सावध असतो, गुडरुन. पाचला तोंडावर आपटतो.”

हे तिला भलतंच आवडलं. तिने कानटोप काढले, कानात कापूस घातला आणि टाक्यांवर मोजायला लागली. सात सुलट, सात सुलट, सात सुलट, पाच उलट. एक दिवस ते पाच बरोबर जागेवर आले आणि अख्खा बंकर तिच्या सुईच्या टोकाशी येऊन थांबला. तिला हसू फुटलं. त्यानंतर ती दर वेळी काहीतरी नवं शोधायची, बेस कुठे ड्रमला धरून चालतो, गिटार कुठे मुद्दाम आडवी जाते. घरी येताना कार्स्टेनला प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. आणि तो उत्तरं द्यायचा. लांबलचक, हातवारे करून. बटाट्यांपलीकडे त्याच्याकडे इतके शब्द आहेत हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

शब्दांवरून आठवलं. तिने उलरिकला गाण्यांचे अर्थ विचारले आणि त्याने लाजत लाजत सांगितले. बुडालेल्या माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागतं असं एक गाणं होतं.

“आधी डोळे सडतात असं लिहिलंयस तू,” ती म्हणाली.

“हो.”

“चूक आहे. डोळे नुसते खोल जातात. आधी पोट जातं.”

“माणसाचंही?”

“माणसाचं मला काय ठाऊक? माशाचं सांगते. पण माणूस काही माशापेक्षा टिकाऊ नसणार.”

उलरिकने गाणं बदललं. त्या आठवड्यात कार्स्टेन किराणावाल्याला म्हणाला, “आमच्या गुडरुनने शब्द दुरुस्त केले.” आमच्या. किराणावाल्याच्या बायकोने ते मला सांगितलं, आणि गुडरुनलाही सांगितलं असणार, कारण त्या दिवसांत कारखान्यात ती शीळ घालत काम करत होती.

अशी दोन वर्षं गेली. मग एका शरदात तिचे टाके चुकायला लागले.

त्यांच्या सगळ्यात मोठ्या गाण्यात मधे एक जागा होती. सगळं संथ झालेलं असायचं, जड, गाळातून पाय ओढत चालल्यासारखं, आणि तिथून एकदम सुसाट सुटायचं. त्या जागेशी गुडरुनचा एक टाका दर वेळी जास्त भरायचा. तिने ओळ उसवली, पुन्हा विणली. पुन्हा जास्त. आपलंच मोजणं चुकतंय असं धरून तिने अर्धी बाही उसवली. मग एका बुधवारी तिने सुया खाली ठेवल्या आणि नुसतं ऐकलं, आणि तिला कळलं की टाका बरोबर होता. कार्स्टेन उशिरा पोचत होता. केसभर, पण दर वेळी. आणि बाकीचे तिघे त्याच्यासाठी थांबत होते. रॉनी एक सूर ओढून धरायचा, उलरिक श्वास लांबवायचा, पाले मान खाली घालायचा. तो आला की सगळे मिळून निघायचे, काही घडलंच नाही असे.

हे ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. पण एकदा ऐकू आलेलं पुन्हा न ऐकणं तिच्या हातात नव्हतं. ती मूग गिळून बसली. घरी तिने प्रश्न विचारणं कमी केलं आणि कार्स्टेनने विचारलं, “दमलीस का?” ती हो म्हणाली.

फेब्रुवारीत सभा होती. नियमाप्रमाणे ठराव दोन आठवडे आधी अध्यक्षांकडे लेखी द्यायचे, आणि उलरिक नियमाला पक्का. तो घरी आला तो तोंड पाडून. ऑल्बोरच्या स्टुडिओत ईस्टरला पहिली कॅसेट भरायची ठरली होती. त्याआधी ड्रमवाला बदलावा, असा त्याचा आणि रॉनीचा ठराव होता. शेजारच्या तिस्टेड गावचा एक मुलगा तयार होता.

“त्याला सांगितलंयस?” गुडरुनने विचारलं.

“काल. गुडरुन, ड्रम त्याचे आहेत. बँड त्याने काढला. मला काय हौस आहे?”

“नाही रे. हौस नाही ते दिसतंय.”

पाले कार्स्टेनचा शाळेपासूनचा दोस्त, तो त्याच्या बाजूचा. म्हणजे दोन विरुद्ध दोन. आणि समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक, असं त्यांनी स्वतःच तालुक्याच्या हौशी बागकाम मंडळाच्या घटनेतून उतरवून घेतलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी कार्स्टेन तिच्यासमोर बसला. कधी नव्हे ते तिची बशी त्याने उचलून ठेवली.

“तुझ्यावर आहे आता.”

“माहीत आहे.”

“तुझं तर ठरलेलंच असेल ना? त्यांना वेगच लागतो फक्त. तुला काय, तुला सगळं सारखंच ऐकू येत असेल.”

तिने नळ सोडला आणि बशी विसळायला घेतली. दुपारी विलीचा समुद्रावरून रेडिओफोन आला. त्याचा सल्ला सोपा होता. “पोराच्या बाजूने हात वर कर आणि मोकळी हो. तू उलटं केलंस तर गाव काय म्हणेल ठाऊक आहे ना? सावत्र ती सावत्रच.” गाव तेच म्हणणार हे तिलाही ठाऊक होतं. गावाचं तिला फारसं वाटत नव्हतं. तिला भीती होती ती बटाटे आणि मोजे यांच्यावर परत येण्याची.

रविवारी दुपारी बंकरमध्ये सभा भरली. पाव होते, लोणी होतं, तिनेच केलेली कॉफी होती. अहवाल झाला, हिशेब मंजूर झाला. उलरिकचा ठराव आला तेव्हा पाव कुणी चावेना.

“मतदानाआधी ते गाणं वाजवा,” गुडरुन म्हणाली.

“कार्यक्रमपत्रिकेत नाही ते,” पाले म्हणाला.

“अध्यक्ष मी आहे. वाजवा.”

ती मनापासून इच्छा करत होती की आपण चुकलेलो असावं. त्यांनी वाजवलं. कार्स्टेनने जीव ओतला. घाम कोपरावरून ओघळत होता, आणि इतकं चांगलं त्याने कधी वाजवलं नव्हतं हे खरंच आहे. ती जागा आली. रॉनीने सूर ओढून धरला. उलरिकने, ज्याने त्याला काढायचा ठराव आणला होता त्या उलरिकनेच, डोळे मिटून श्वास लांबवला आणि त्याची वाट बघितली. तो आला, केसभर उशिरा, आणि सगळे निघाले.

दोन हात ठरावाच्या बाजूने वर झाले. दोन विरोधात. मग गुडरुनने आपला हात उलरिकच्या बाजूने वर केला. दुसऱ्या हाताने तिने तो कोपराला धरून ठेवला.

कार्स्टेनने ड्रमच्या काठ्या खिशात घातल्या आणि तो गेला. ड्रम तिथेच राहिले. कॉफी उरली होती ती पालेने ओतून टाकली.

त्यानंतर घरात महिनाभर बटाटेसुद्धा मागितले गेले नाहीत, तो स्वतः उठून घ्यायचा. गावाने जे म्हणायचं ते म्हटलं. कारखान्यात माझ्या शेजारच्या दोघी तिच्याकडे बघून बोलायच्या थांबायच्या. तिस्टेडच्या मुलाने कॅसेट भरली, ती पोलंडपासून ब्राझीलपर्यंत पोस्टाने गेली, आणि गुडरुन बुधवारी-रविवारी किल्ली घेऊन जात राहिली. अध्यक्षपद तिने सोडलं नाही. सोडलं असतं तर आपण चुकलो असं झालं असतं, असं ती म्हणायची. रात्री मात्र रडायची, हे विलीने नंतर सांगितलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती मासे साफ करत होती. कार्स्टेन टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“खरी आई असती तर हात वर केला नसता.”

ती वळली नाही. “खरी आई तिथे दोन वर्षं ऐकत बसली असती का रे?”

तो आता दार आपटून जाणार आणि या वेळी कोपनहेगनपर्यंत जाणार असं तिला वाटलं. पाठीमागे खुर्ची सरकली.

“कधीपासून ऐकू येत होतं?”

“शरदापासून. आधी मला वाटलं माझीच चूक आहे. अर्धी बाही उसवली मी.”

“ते थांबायचे माझ्यासाठी?”

“दर वेळी.”

“मला कुणी बोललं नाही.”

“मीही बोलले नाही,” ती म्हणाली. “ते मात्र माझं चुकलं.”

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“दाखव कुठे.”

गुडरुनने हात पुसले आणि समोर बसली. तिने बोटांनी ती संथ चाल धरली, त्याने तळव्यांनी धरली. गाळातून पाय ओढत दोघं त्या जागेपर्यंत आली. तिला वाटलं थांबावं, फक्त केसभर. पण ती थांबली नाही, पुढे निघून गेली, आणि तो मागे राहिला आणि त्याला स्वतःला ते ऐकू आलं.

“पुन्हा,” कार्स्टेन म्हणाला.